‘हो साहेब’ म्हणजे नेमकं काय?

(१ मे रोजी शारजात मराठी कामगारांच्या एका छोट्या बैठकीत केलेलं हे भाषण. ज्यांना ड्युटीमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. बोलताना तुटलेली वाक्यं तेवढी जोडून घेतली आहेत.)



आज १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, दोन्ही एकाच तारखेला. इथं सुट्टी नाही. तुमच्यातले बरेच जण कॅम्पच्या बसमधून उतरून तसेच आलेत, अंघोळसुद्धा राहिली असेल. त्यामुळे लांबण लावत नाही.

मोठ्या कंपन्यांमध्ये मॅनेजर लोकांना एक ट्रेनिंग देतात. हॉटेलात, एसीमध्ये, दुपारच्या जेवणासकट. विषय असतो सांस्कृतिक फरक आणि व्यवसाय. अरब ग्राहकाशी कामाचं बोलण्याआधी खुशाली कशी विचारावी, जपानी माणसाला कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यावं, असं सगळं शिकवतात. चांगलं आहे, शिकवावं. पण ज्या साइटवर इजिप्तचा इंजिनिअर, फिलिपिन्सचा सेफ्टी ऑफिसर, केरळचा फोरमन, ब्रिटिश कन्सल्टंट आणि खेडचा नाहीतर लातूरचा कारपेंटर एकाच मजल्यावर उभे असतात, तिथं हा फरक दर तासाला आडवा येतो. मॅनेजरचा गैरसमज झाला तर कंपनीचं एखादं टेंडर जातं. आपला झाला तर माणूस वरून पडतो, ओटीचे पैसे बुडतात, किंवा न वाचलेल्या अरबी कागदावर सही होऊन बसते. हे ट्रेनिंग आपल्याला कोणी देत नाही. म्हणून आज ते आपणच घेऊ.

आधी थोडं पुस्तकातलं

एडवर्ड हॉल नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होते. १९७६ साली आलेल्या ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात त्यांनी एक विभागणी मांडली. काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ शब्दांच्या बाहेर असतो. कोण बोलतंय, कोणासमोर बोलतंय, आवाज कसा आहे, काय बोलायचं टाळलं, यावरून समजून घ्यायचं. दुसऱ्या समाजांत शब्दांत जेवढं आलं तेवढंच धरतात. आपण पहिल्यातले. अरबही पहिल्यातले, जपानीही. जर्मन, स्विस, अमेरिकन दुसऱ्यातले. आपल्याकडे पाहुणा ‘नको, पोट भरलं’ म्हणतो आणि आई तरी पोळी वाढतेच, कारण पहिला ‘नको’ खरा नसतो हे तिला माहीत असतं. जर्मन माणसाच्या घरी पहिल्यांदाच ‘नको’ म्हणालात तर उपाशी उठाल.

दुसरे गीर्ट हॉफस्टेड, डच संशोधक. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या तपासल्या आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक मोजणी आहे, तिला आपण ‘सत्तेचं अंतर’ म्हणू. वरच्याला उलट न विचारणं त्या समाजात किती साहजिक मानलं जातं, याचा तो आकडा. भारताचा ७७. अरब देशांच्या गटाचा ८०. नेदरलँड्सचा ३८, ब्रिटनचा ३५, इस्रायलचा १३.

आकड्यांना फार चिकटू नका. ते पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत आणि ऑफिसात बसणाऱ्यांचे आहेत. पण ओळख पटते ना? ‘साहेबांना कसं विचारायचं’ हा प्रश्न आपल्याला जितका पडतो, तितका सगळ्या जगाला पडत नाही.

एका ‘हो’चे चार अर्थ

आता साइटवर या. सकाळी टूलबॉक्स टॉक होतो. सेफ्टी ऑफिसर इंग्रजीत दहा मिनिटं बोलतो. शेवटी विचारतो, ‘अंडरस्टँड?’ आपण सगळे एका सुरात, ‘येस सर.’

या ‘येस सर’मध्ये काय काय असतं बघा. एक, ‘मी ऐकलं.’ दोन, ‘मला समजलं.’ तीन, ‘मी तसं करीन.’ चार, ‘तुम्ही मोठे आहात, तुमचा मान राखतो.’ आपण बहुतेक वेळा पहिला आणि चौथा अर्थ देत असतो. ऐकणारा तिसरा घेऊन जातो आणि रजिस्टरवर आपली सही घेतो. उद्या अपघात झाला तर ते रजिस्टर पुढे येतं: यांना सांगितलं होतं, यांना समजलं होतं, ही बघा सही.

त्यात आपली मान. आपण डावी-उजवीकडे डोलावतो ती आपल्याला ‘हो’ वाटते. ब्रिटिश किंवा युरोपियन माणसाला ती ‘नाही’ किंवा ‘बघू’ वाटते. लेबनीज किंवा सीरियन फोरमन हनुवटी वर करून जिभेनं ‘च्क’ करतो तेव्हा ते साफ ‘नाही’ असतं, आणि नवीन आलेल्या पोराला वाटतं साहेब वर बघायला सांगतायत. हसायला ठीक आहे, पण क्रेनखाली उभं राहून मानेच्या भाषेवर काम करू नये.

ब्रिटिश माणसाची वेगळीच तऱ्हा. तो म्हणतो, ‘वेळ मिळाला तर एकदा हे बघाल का?’ आपल्याला वाटतं, विनंती आहे, सवडीनं करू. त्याच्या मनात असतं, आजच करा. आपल्या फोरमनचा आवाज चढतो म्हणून आपल्याला त्याचं म्हणणं महत्त्वाचं वाटतं, आणि याचा आवाज चढतच नाही म्हणून आपण सोडून देतो. मग वॉर्निंग लेटर आलं की धक्का बसतो. उलट अरब माणूस मोठ्यानं बोलला म्हणजे प्रत्येक वेळी रागावलाच, असं नसतं.

५८३ माणसं आणि एक ‘ओके’

आता एक खरी घटना सांगतो. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लोस रोदेओस विमानतळ. धावपट्टीवर धुकं. केएलएमचं विमान उड्डाणाच्या तयारीत, आणि त्याच धावपट्टीवर पुढे पॅन अ‍ॅमचं विमान अजून चालतंय. केएलएमच्या वैमानिकांनी रेडिओवर जे सांगितलं त्याचे दोन अर्थ निघत होते: आम्ही उड्डाणाच्या जागेवर आहोत, किंवा आम्ही निघालो आहोत. टॉवरवरून आधी ‘ओके’ असं उत्तर गेलं. थांबा, असं पुढचं वाक्य रेडिओच्या खरखरीत नीट ऐकू आलं नाही. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्यानं विचारलंसुद्धा, पुढचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन कंपनीतला फार वरिष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस. त्यानं ठामपणे सांगितलं की झालंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. त्या टकरीत ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला तो आजवरचा सर्वांत मोठा अपघात आहे.

ही गोष्ट मी दोन कारणांसाठी सांगतो.

पहिलं कारण म्हणजे त्यानंतर जगभर बोलण्याचे नियम कडक झाले. नुसतं ‘ओके’ म्हणून महत्त्वाची सूचना घ्यायची नाही. जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती परत म्हणतानाच वापरायचा, इतर वेळी नाही. शिवाय हाताखालच्या माणसानं शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टननं ती कशी ऐकून घ्यायची, याचं ट्रेनिंग सुरू झालं. म्हणजे इंग्रजी अस्खलित बोलणाऱ्या, भरपूर शिकलेल्या वैमानिकांनाही ‘हो’ पुरलं नाही. मग आपल्याला कसं पुरेल?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तो गप्प राहिलेला इंजिनिअर डच होता. हॉफस्टेडच्या यादीत ज्यांचा आकडा ३८ आहे, त्यातला. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणालं, ‘तुम्हा इंडियन लोकांच्या संस्कृतीतच वरच्याला विचारणं नाही,’ तर लक्षात ठेवा, संस्कृती थोडी असते, पण समोरच्याच्या हातात तुमची नोकरी असणं हे त्याहून मोठं असतं. ज्याच्या हातात व्हिसा आहे, त्याच्यासमोर कुठल्याही देशाचा माणूस घसा खाकरून गप्प बसतो.

मग करायचं काय? परत म्हणून दाखवायचं. इंग्रजी मोडकं असू दे. ‘सर, आय रीपीट. फर्स्ट हुक, देन क्लाइम्ब. राइट?’ एवढं पुरतं. कोणी हसत नाही. चांगला सेफ्टी ऑफिसर खूश होतो. आणि समजलं नसेल तर ‘नो सर’ म्हणायला लाज वाटत असेल तर असं म्हणा: ‘सर, वन मोअर टाइम, हिंदी प्लीज.’ यात कुणाचा अपमान नाही. गटातल्या एकाला हिंदी-इंग्रजी येत असेल तर त्यानं सगळ्यांसाठी विचारावं. एकट्यानं विचारायला जी भीड वाटते ती चौघांच्या वतीनं विचारताना वाटत नाही.

‘बुक्रा, इन्शाअल्ला’ आणि आपलं ‘बघतो’

पगाराचं विचारलं की उत्तर येतं, ‘बुक्रा, इन्शाअल्ला.’ उद्या, देवाच्या मर्जीनं. आपल्यातले काही जण यावर चिडतात: हे लोक शब्द पाळत नाहीत. थोडं थांबा. ‘इन्शाअल्ला’ हा श्रद्धेचा शब्द आहे, कोणताही मुसलमान पुढच्या कामाबद्दल बोलताना तो म्हणतो. आपल्याकडच्या रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम भावांच्या घरातही तो रोज ऐकू येतो. तो म्हटला म्हणजे काम होणार नाही, असं नाही. आणि आपण तरी काय करतो? नको असलेलं काम कोणी सांगितलं की आपण ‘नाही’ म्हणतो का? ‘बघतो’, ‘करू की’, ‘होऊन जाईल’. तोंडावर नाही म्हणून वाईटपणा घ्यायचा नाही, ही रीत दोन्हीकडची आहे.

म्हणून शब्दावर भांडू नका, तारीख मागा. ‘इन्शाअल्ला सर. विच डेट? मी रूमवाल्यांना काय सांगू?’ तारीख मिळाली की लगेच एक साधा मेसेज टाका: ‘सर, तुम्ही आज सांगितलं की मार्चचा पगार १० तारखेला होईल. धन्यवाद.’ हा मेसेज नम्र आहे, कुणावर आरोप नाही, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा आहे. आपली जुनी म्हण आहे, भीड भिकेची बहीण. ती पगाराच्या बाबतीत तंतोतंत खरी आहे.

कानाला ओळखीचे, कागदावर अनोळखी

आखाताशी आपलं नातं जुनं आहे. १९६० च्या दशकापर्यंत इथल्या बऱ्याच भागात भारताचा रुपया चलन म्हणून चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं या भागासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. शब्द तर दोन्ही बाजूंनी गेले. इथला टॅक्सीवाला ‘सीदा’ म्हणतो तो आपलाच ‘सीधा’. खलास, मुश्किल, हिसाब हे शब्द आपल्याला शिकावे लागले नाहीत. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं, अरबी सोपी आहे.

पण कागदावरची अरबी सोपी नाही. आणि इथल्या कायद्यानुसार करार दोन भाषांत असेल आणि दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर खरा धरतात. म्हणून सहा शब्द आज पाठ करून जा. कागद पुढे आला की वरचं शीर्षक विचारायचं, ‘हे काय आहे?’ आणि हे शब्द कानावर आले की हात थांबवायचा.

इस्तिकाला: राजीनामा.
मुखालसा: फारकत. माझा सगळा हिशेब मिळाला, आता कंपनीकडे काही बाकी नाही, असं लिहून देणं.
तनाझुल: हक्क सोडून देणं, दावा मागे घेणं.
इन्झार: वॉर्निंग.
सुल्फा: उचल. पगारातून कापली जाणारी.
वकाला: मुखत्यारपत्र. इथं ‘वकील’ म्हणजे नेहमी कोर्टातला वकील असं नाही; ज्याला तुम्ही तुमच्या वतीनं करायचा अधिकार दिला तो तुमचा वकील.

यातला सगळ्यात जास्त घात ‘मुखालसा’ करतो. गावी जायची घाई असते, तिकीट हातात असतं, ऑफिसातला माणूस म्हणतो, ‘सही कर, पैसे खात्यात येतील.’ पैसे खात्यात आल्यावरच फारकतीवर सही, एवढा एक नियम पाळा. शेतजमिनीचा व्यवहार असता तर गावातला कुठलाही म्हातारा तुम्हाला हेच म्हणाला असता.

सही करताना आपली अडचण कायद्याची नसते, स्वभावाची असते. साहेबासमोर बसून कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. इथल्या ऑफिसात तसं कोणी मानत नाही. ‘सर, आय रीड टुनाइट, टुमॉरो साइन’ असं हसून म्हणा. फोनमध्ये गुगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरला की अरबी कागदाचा साधारण अर्थ मराठीतही येतो. तो शंभर टक्के बरोबर नसतो, पण राजीनामा आहे की रजेचा अर्ज, एवढं नक्की कळतं. फोटो काढून ठेवा आणि घरी पाठवून ठेवा. ‘आत्ताच कर नाहीतर’ असं कोणी म्हणालं, तर त्या कागदात काहीतरी आहे असं समजा.

यूएईत २०१६ पासून नोकरीचं ऑफर लेटर अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत द्यायची पद्धत आहे. त्या भाषांमध्ये हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळी आहे. मराठी नाही. ती असावी म्हणून आपण मागणी करायला हवी, तो वेगळा विषय. तोवर हिंदीची प्रत मागा. लिपी तीच आहे, वाचता येते.

तिकडे चालतं, इकडे गुन्हा

काही गोष्टी आपल्याकडे रोजच्या आहेत आणि इथं त्यावर पोलीस केस होते. हा सांस्कृतिक फरक कुठल्याही मॅनेजरच्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

शिवी. आपल्याकडे मित्राला प्रेमानं दिली जाते. इथं व्हॉट्सअ‍ॅपवर शिवी दिली आणि समोरच्यानं तक्रार केली, तर तो सायबर गुन्ह्याच्या कायद्याखालचा मामला होतो. फोरमननं पैसे बुडवले म्हणून रात्री रागात व्हॉइस नोट पाठवलीत, तर तुमची खरी तक्रार बाजूला राहते आणि तुम्हीच आरोपी होता.

रेकॉर्डिंग. ‘साहेब काय बोलला ते मी रेकॉर्ड केलंय,’ असं पोरं अभिमानानं सांगतात. समोरच्याला न सांगता संभाषण रेकॉर्ड करणं इथं गुन्हा आहे. पुरावा हवा असेल तर मघाशी सांगितला तसा लेखी मेसेज.

वर्गणी. कॅम्पमध्ये कोणी वारला किंवा आजारी पडला की आपण पहिल्यांदा टोपी फिरवतो. भावना मोठी आहे. पण इथं परवाना असलेल्या संस्थांशिवाय कुणालाही लोकांकडून पैसे गोळा करता येत नाहीत. अशा वेळी भारतीय वकिलातीकडे जा. प्रेत गावी पाठवणं, अडकलेल्या माणसाचं तिकीट, अशा मदतीसाठी तिथं भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून.

संप. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी मुंबईत १९८२ चा गिरणी संप पाहिला, काहींनी केला. मोर्चा काढणं आपल्याला परकं नाही. इथं संपाला कायद्यात जागा नाही. आवडो न आवडो, हे माहीत असलं पाहिजे. तक्रार मात्र करता येते, आणि ती एकाच वेळी अनेकांनी केली तर जास्त ऐकली जाते.

आणि रजा. गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेलो, चार दिवस जास्त राहिलो, फोरमनला फोन करून सांगितलं. आपल्या हिशेबानं सांगितलं म्हणजे झालं. इथं कारण न देता सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर मालक नोटीस न देता काढू शकतो. फोन केला होता हे सिद्ध करणार कसं? रजा वाढवायची तर लेखी, आणि उत्तर येईपर्यंत परत विचारायचं.

‘संस्कृती’ म्हणून काय खपवतात

आता जे सांगायला मी मुद्दाम शेवटची जागा ठेवली आहे ते.

पासपोर्ट मागितला की ऐकायला मिळतं, ‘आमच्याकडे अशी पद्धत आहे, ऑफिसात सुरक्षित राहतो.’ ही पद्धतही नाही आणि संस्कृतीही नाही. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला बंदी आहे.

‘आपण सगळे एका कुटुंबासारखे, ओटीचं काय विचारतोस?’ कुटुंबासारखे आहोत तर छानच. पण कायदा आठ तास म्हणतो, आठवड्याला ४८. त्यावर काम झालं तर मूळ पगाराच्या दरावर २५ टक्के जास्त, आणि रात्री १० ते पहाटे ४ मध्ये झालं तर ५० टक्के जास्त. शिफ्टवाल्यांना हा रात्रीचा नियम लागू नाही.

‘थोडंच राहिलंय, स्लॅब संपवून टाकू.’ १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हातलं काम बंद. थांबवता येणारच नाही अशा थोड्या कामांना सूट आहे, त्यातही सावली आणि पाणी द्यावं लागतं. ‘आमच्याकडे मेहनती माणसाला ऊन लागत नाही,’ हे कौतुक ऐकून उभं राहू नका.

घरकाम करणाऱ्या ताईंसाठी वेगळा कायदा आहे, २०२२ चा. ‘मॅडम फार चांगल्या आहेत, मुलीसारखं वागवतात,’ असं असेल तर आनंद आहे. तरीही दिवसाला किमान बारा तास विश्रांती, त्यातले आठ सलग, आणि आठवड्याला एक सुट्टी हा तुमचा हक्क आहे. मुलीसारखी वागणूक मिळते म्हणून सुट्टी सोडायची नसते.

आणि हे फक्त अरब किंवा इंग्रज साहेबच करतात असं नाही. सगळ्यात मोठा ‘सांस्कृतिक’ व्यवहार आपल्याच गावात होतो. एजंट ओळखीचा असतो, मामाच्या गावचा, घरी येऊन चहा पिऊन गेलेला. त्याच्याकडे पावती मागणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून दीड-दोन लाख रोख दिले जातात, आईचे दागिने ठेवून. यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला बंदी आहे. भारतात नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याच्या वर घेता येत नाही. पावती देत नाही तो नातेवाईक असला तरी एजंट म्हणून चालणार नाही, एवढं घरच्यांना आजच फोन करून सांगा. पुढच्या पोराचे पैसे वाचतील.

थोडक्यात, दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. समोरचा कसा बोलतो, कसा हसतो, आधी चहा घेतो की आधी कामाचं बोलतो, हा संस्कृतीचा फरक. त्याला समजून घ्या, त्याची चेष्टा करू नका, आणि आपलीही करू देऊ नका. पण पगार, पासपोर्ट, कामाचे तास, सुरक्षितता यांत कुणी ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणालं, तर तिथं संस्कृतीचा संबंध संपला. तिथं कायदा बघायचा.

अडलं तर कुठं जायचं

तक्रार करणं म्हणजे साहेबाशी दुश्मनी, असं आपल्या मनात असतं. इथं ते ऑफिसचं एक काम आहे. मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली की आधी दोन्ही बाजूंना बोलावून समेट करायचा प्रयत्न होतो. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर २०२४ पासून मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकतं. कोर्टात गेलं तरी एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. नोकरी संपल्यावर हिशेब १४ दिवसांत मिळाला पाहिजे. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर: एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. कामगार तक्रारींचा नंबर ८००८४. भारतीय प्रवासी सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८०० ४६३४२, तिथं हिंदीत बोलता येतं.

आता जेवायला उठू. पण उठण्याआधी दोन कामं. एक, शेजारी बसलेल्या माणसाला हे सहा अरबी शब्द म्हणून दाखवा. त्याला नुसतं विचारू नका ‘समजलं का’. तो ‘हो’ म्हणेल. त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. दोन, आपल्या ऑफर लेटरचा फोटो फोनमध्ये आहे की नाही ते आत्ता बघा. नसेल तर उद्या ऑफिसात जाऊन कॉपी मागा. मागताना काय म्हणायचं ते आपण मघाशी शिकलोच.

महाराष्ट्र दिनाच्या आणि कामगार दिनाच्या शुभेच्छा.